तांबड्याचं ताट

"हलवू नका आबा. मांडीवर सपाट धरा," मी म्हणाले.

"मी कुठं हलवतोय? रिक्षाच हलतीया," आबा म्हणाले.

त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी होती, निम्मी पाण्याने भरलेली, निम्मी हवेने फुगलेली. आत बोटाएवढा एक तांबडा मासा होता. पायाशी त्यांची स्वतःची पिशवी. तीत दोन धोतरं, तीन सदरे, लाह्यांच्या पिठाचा डबा आणि टॉवेलात गुंडाळलेला माझ्या आईचा फोटो. मी सकाळी कुर्ल्याला जाऊन मासा आणला होता आणि परतताना पनवेलच्या एसटी स्टँडवर आजऱ्याची गाडी गाठून आबांना घेतलं होतं. एकाच दिवशी घरात दोन जीव घेऊन चालले होते, आणि दोघांचीही मला काळजी होती.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा, हर्षद, बोटीवर इंजिनियर. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझे सासरे, नाना, असे दोघंच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. इकडे माझी आई जाऊन चौथा महिना लागला होता आणि आबा गावात एकटे. पावसाळ्यात ते न्हाणीत पाय घसरून पडले. सकाळी पडलेल्या माणसाला संध्याकाळी दूधवाल्याने पाहिलं. मी त्यांची एकुलती एक. पुन्हा पडले तर दूधवाला वेळेवर येईलच असं नाही, एवढं मला कळत होतं.

मी नानांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "महिनाभर राहू देत. मग बघू."

त्या 'मग बघू'ने माझी झोप उडवली होती. नाना म्हणजे नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला. बारा पस्तीसला पान वाढलं तर ते घड्याळाकडे बघत नाहीत, पण न बघितलेलं मला कळतं. आबांची भाताची गिरणी होती. चाळीस वर्षं यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस. अंघोळीला दोन बादल्या, दुपारी तंबाखू, आणि दारात येईल त्याच्याशी गप्पा. हे दोघं एका छपराखाली आठ दिवसांत एकमेकांना पाण्यात पाहतील, अशी माझी खात्रीच होती.

म्हणून मासा आणला. खरं सांगायचं तर लाच होती ती.

नानांची समुद्राच्या पाण्याची टाकी हॉलमध्ये होती. चार फूट लांब, प्रवाळाचे दगड, वर निळसर दिवा. तीन वर्षं खपून त्यांनी ती जमवली होती. तिच्यातला त्यांचा लाडका म्हणजे मँडरिन मासा, ड्रॅगोनेट जातीतला. निळ्या अंगावर केशरी वेलबुट्टी. नाना त्याला नबाब म्हणायचे. हा मासा फारसा पोहत नाही. तळाशी, दगडांवर, थांबत थांबत सरकतो आणि दिवसभर दगडाला तोंड लावून काहीतरी टिपत राहतो. नाना एकदा म्हणाले होते, याच कुळातला तांबडा ड्रॅगोनेट मिळाला तर बघायला मजा येईल. ते वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं होतं.

दुकानदाराला मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, "एकाच जातीचे दोन नर टाकले तर मरेपर्यंत भांडतील. वेगवेगळ्या जातीचे टाका, बघतसुद्धा नाहीत एकमेकांकडे." माझं समाधान झालं. मला भांडणाचीच भीती होती.

नानांनी दार उघडलं. आबांनी दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली, जणू देवाचा प्रसादच आहे.

"घ्या नानासाहेब. तुमचा पाव्हणा."

नानांनी वर्तमानपत्र सोडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पण पुढचा प्रश्न त्यांनी मला केला. "दुकानात काय बघून घेतलास?"

"रंग. सगळ्यात चांगला रंग याचाच होता."

"सगळे तिथेच फसतात. हा मासा उपाशी मरतानाही रंग सोडत नाही. पोट बघायचं, शालन." त्यांनी पिशवी उजेडात धरली. "ठीक दिसतोय. बघू."

परत 'बघू'.

टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडत तासभर गेला. दोघं म्हातारे स्टुलांवर शेजारी शेजारी बसले होते. मग नानांनी मासा अलगद सोडला. तांबड्या तळाला गेला, पुढच्या दोन परांवर टेकून उभा राहिला आणि त्याने पाठीवरचा मोठा पर छत्रीसारखा उघडला. नबाब दगडामागून आला. त्यानेही पर उभारला. दोघं एकमेकांसमोर दहा-पंधरा सेकंद थांबले असतील. मग नबाब वळला आणि दगड टिपायला निघून गेला.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं," नाना म्हणाले.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

त्या रात्री मी पानं घेतली. आबा म्हणाले, "आज संकष्टी हाय पोरी. चंद्र बघून दूध घेतो निस्तं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रात्री जेवत न्हाई मी आता. डाक्टरनंच सांगितलंय, रात्रीचं पोट हलकं ठेवायचं." मला बरंच वाटलं. म्हातारपणी रात्रीचं कमी खाल्लेलं चांगलं. दुपारचं काय, तर हॉस्पिटलात माझी ड्यूटी आठ ते चार. नाना साडेबाराला आपलं आपण वाढून घ्यायचे. आबांना भूक दीड-दोनला लागते असं ते म्हणाले, म्हणून मी सकाळीच त्यांचा वेगळा डबा भरून ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी ते डबा देवळात घेऊन जायचे, पारावर जेवतो म्हणायचे. संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असायचा.

"जेवलासा का?" मी विचारायची.

"जेवलो की. आमटी झ्याक झाल्ती."

आणि मी टाकीसमोर जाऊन बसायची. माझा सगळा जीव तिकडे. नबाब तांबड्याच्या अंगावर जातोय का, तांबड्याच्या शेपटीला फाटल्याची खूण आहे का. तसंच कान घराकडे. आबांची तंबाखू नानांना खुपतेय का, टीव्हीचा आवाज कुणी कमी केला. काहीच घडत नव्हतं. नाना त्यांना 'आबासाहेब' म्हणत, आबा त्यांना 'नानासाहेब' म्हणत. कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. आबा दुसरी बादलीही घेईनासे झाले. सकाळी देवळात जायचे ते एकला परत यायचे, दुपारभर टाकीसमोर बसायचे, धुतलेला इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचे वडील किती टापटीप आहेत हो." मला अभिमान वाटला.

विसाव्या दिवशी आबांनीच मला टाकीपाशी बोलावलं.

"शालन, ह्यो तांबड्या खाईना झालाय."

"खातोय की. बघा, टोचतोय दगडाला."

"टोचतोय. पर तोंडाला कायबी लागत न्हाई. नबाब टोचतोय तवा त्येचा गळा हलतोय. ह्येचा हलत न्हाई. खाल्ल्यागत करतोय निस्ता."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. रंग तर तसाच होता, उलट दिव्याखाली जास्तच तांबडा. मी नानांना हाक मारली. नाना काचेला नाक लावून बराच वेळ बसले. मग त्यांनी मला समोरून नाही, वरून बघायला सांगितलं. वरून पाहिलं. डोकं जाड आणि त्यामागे अंग एकदम निमुळतं. पोट आत गेलेलं, पाठीचा काटा वर आलेला.

"आबासाहेबांची नजर बारीक आहे," नाना म्हणाले. "मी रोज बघून मला दिसलं नाही."

"पण ते भांडले तर नाहीत कधी," मी म्हणाले.

"भांडण नाही, अन्न. हे दोघं एकच गोष्ट खातात. दगडावरचे बारीक किडे, डोळ्याला दिसत नाहीत असे. या टाकीत ते एका माशापुरतेच तयार होतात. नबाब इथला जुना, त्याला प्रत्येक फट माहीत. हा नवा. भांडला असता तर आपल्याला दिसलं तरी असतं."

"मग आता?"

"दुकानातला गोठवलेला खाऊ टाकून बघू. खाल्ला तर ठीक. नाहीतर याला परत द्यावं लागेल. आणि विचारून आणायला हवा होतास, शालन."

शेवटचं वाक्य ते हळूच बोलले, पण मला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. माझी लाच माझ्याच अंगाशी आली होती. तो मासा मेला तर नाना काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण महिन्याच्या शेवटी ते जे 'बघणार' होते, त्यात हा मेलेला मासा नक्की असणार होता.

पुढचे चार दिवस वाईट गेले. तांबड्या गोठवलेल्या खाऊकडे ढुंकून बघेना. पाण्यातून तुकडा नाकासमोर आला तरी तो तसाच बसून राहायचा. मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढताना लोकांना "श्वास रोखा" म्हणायची आणि माझाच श्वास रोखला जायचा. घरी येऊन चपला काढायच्या आधी टाकी बघायची. आबा तिथेच बसलेले असायचे.

"हाय अजून," ते म्हणायचे.

"काही खाल्लं?"

"न्हाई. त्येला परकं वाटत आसंल गं. दुसऱ्याच्या घरात तोंड उघडत न्हाई एखाद्याचं."

मला त्या बोलण्याचा राग आला. आधीच जीव टांगणीला, त्यात हे भलतंच. मी स्वयंपाकघरात गेले.

रविवारी दुपारी आबा म्हणाले, "परवाच्या गाडीनं जातो म्हणतो."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "का? महिना कुठं झालाय? कोण काय म्हणालं का?"

"कोण काय म्हणंल? देव माणसं हाईत. घराकडं बगाय नगं का? गिरणी बंद पडलीया, उंदीर झाले आसतील."

गिरणी त्यांनी तीन वर्षांपूर्वी विकली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते टोपी सारखी करत राहिले. मग आपल्या खोलीत गेले.

मी तडक नानांकडे गेले. ते टाकीशेजारच्या खुर्चीत बसून एका लोणच्याच्या छोट्या बरणीच्या झाकणाला भोक पाडत होते. आठ वर्षांत मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तुम्ही आबांना काही म्हणालात का?"

"नाही."

"मग ते का निघालेत? तुम्हाला ते नकोच होते नाना. सरळ सांगायचं होतं. 'महिनाभर राहू देत' म्हणे. माणूस काय पाण्याचा नमुना आहे, महिनाभर ठेवून तपासायला? ते पुन्हा पडले आणि कुणाला कळलं नाही, तर मी काय करू?"

बोलताना मला रडू फुटलं. नानांनी बरणी बाजूला ठेवली. रागावले नाहीत. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "इथे बस. माझ्या जागेवर."

"कशाला?"

"बस तर."

मी बसले. त्या खुर्चीतून आबांच्या खोलीचं अर्धं दार दिसायचं. आबा सामान आवरत होते. सदरा काढून खुंटीला लावलेला, अंगात नुसती बंडी, डोक्यावर टोपी नाही. वाकून धोतराची घडी घालत होते.

"कपड्यांकडे नको बघू," नाना माझ्या मागून हळू म्हणाले. "पोट बघ."

बंडी त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखी लोंबत होती. गळ्याखालची हाडं पुढे आलेली. वाकले तेव्हा पाठीचा मणका न् मणका बंडीतून मोजता आला. पंचवीस दिवसांत मी त्यांना सदऱ्याशिवाय पाहिलंच नव्हतं. दिवसाला चाळीस माणसांच्या छातीतलं बघायचा माझा धंदा, आणि काखेत कळसा, गावाला वळसा.

"खाली बसतो तो इस्त्रीवाला काल मला म्हणाला," नाना सांगू लागले, "ताईंच्या हातची आमटी फार छान असते, आबा रोज आणून देतात. मी म्हटलं, रोज? तो म्हणाला, हो, आले तेव्हापासून. पूर्ण डबा."

"पूर्ण?"

"काल रात्रभर मी विचार करत होतो. ते देवळापाशी केळी घेतात, ते मी पाहिलंय. खोलीत त्यांचा तो पिठाचा डबा आहे. तेवढ्यावर चाललंय. चहा-दूध घेतात आपल्याकडचं, पण अन्नाचा कण घेतलेला नाही. मी जेवायला बसायच्या वेळी बरोबर देवळात असतात. का ते मला विचारता येईना. मी परका. तू विचार. तुला सांगतील."

मी उठले.

मी दारात उभी राहिले तेव्हा आबांनी पहिल्यांदा सदऱ्याकडे हात नेला. मी म्हटलं, "राहू द्या. बघितलंय मी."

ते खाटेवर बसले.

"इस्त्रीवाल्याला का देता डबा?"

ते बोटाने चादरीवरची सुरकुती सरळ करत राहिले. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. मग म्हटलं, "आबा, माझ्या हातचं खायला नको वाटतं का तुम्हाला?"

"आगं खुळे," ते म्हणाले. "तसं न्हाई."

"मग कसं?"

"तुझ्या लग्नात तुझ्या आयनं आन घ्याय लावली. तिच्या आयनं बी घेतल्याली, माझ्या आयनं बी. लेकीच्या मांडीवर लेकरू खेळल्याबिगार तिच्या घरचं अन्न खायाचं न्हाई. आमच्याकडं तसंच हाय, तुला ठावं हाय."

ठाऊक होतं. ऐकलेलं होतं, गावाकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आई माझ्याकडे एकच रात्र राहिली होती. स्वतःची भाकरी बांधून आणली होती. मी हसले होते तिला. त्यानंतर ती घरी राहायला आलीच नाही. दोनदा मला दिवस राहिले आणि दोनदा गर्भ गेला. दुसऱ्या वेळी मी हॉस्पिटलात होते तेव्हा ती बाहेर बाकावर बसून होती, आणि बाहेरच्या टपरीवरचे पाव खात होती. हे मला तेव्हा दिसलं होतं. कळलं नव्हतं.

"मला सांगायचं तरी होतं," मी म्हणाले.

"काय म्हणू? तुला मूल न्हाई म्हणून मी जेवत न्हाई, आसं म्हणू व्हय? आठ वर्सं तू काय काय सोसलंस, मी बगितलंय. त्यात बापानं आनि डागणी द्यायाची?"

"मग ती शपथ मोडायची. कोण बघतंय आता?"

आबा भिंतीकडे बघत होते. तिथे खुंटीला आईचा फोटो होता, हार नसलेला.

"ती तशीच गेली न्हवं," ते म्हणाले. "तुझ्या घरचा घास न खाता गेली. लई मन व्हतं तिचं. मी येकट्यानं कसा खाऊ?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुडघ्याची वाटी कपाळाला टोचली. त्यांना जाऊ दिलं तर गावात एकटे, ठेवून घेतलं तर माझ्या डोळ्यांदेखत उपाशी. मला एकही वाट दिसत नव्हती, आणि मनातल्या मनात मी आईवर, स्वतःवर, त्या न झालेल्या मुलांवरसुद्धा चिडले होते.

दारात नाना उभे होते. कधीपासून, कोण जाणे. घसा खाकरून म्हणाले, "आबासाहेब, जरा बाहेर येता का? तुमच्या तांबड्याला बघा."

आम्ही तिघं टाकीपाशी गेलो. नानांनी ती बरणी पाण्यात, तांबड्याच्या कोपऱ्यात, आडवी ठेवली होती. झाकणाला बोट जाईल एवढं भोक. खिडकीत उलट्या टांगलेल्या बाटलीत दोन दिवसांपासून ते कसली तरी अंडी उबवत होते. त्यातले टाचणीच्या टोकाएवढे जिवंत किडे त्यांनी नळीने बरणीत सोडले.

"गोठवलेलं खात नाही, तर जिवंत देऊन बघू. त्याचं ताट वेगळं मांडलंय," नाना म्हणाले. "नबाबाच्या दगडावरचं त्याला नको असेल तर नको."

आम्ही वाट पाहत बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तांबड्या बरणीपाशी आला, काचेला तोंड लावलं, परत फिरला. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले होते. तो पुन्हा आला. भोकातून डोकं घातलं, मग अंग. आत गेला आणि टिपू लागला.

आबा पुढे वाकले. "गळा हलला," ते म्हणाले. "बगा, हलला. आनि येकदा."

नाना पाठ वळवून हात पुसत होते. पुसता पुसताच बोलले. "मागची गॅलरी उद्या मी रिकामी करतोय. माझ्या प्रयोगशाळेतली विजेची शेगडी आहे, अजून चालते. दोन भांडी घ्या, तुमच्या आजऱ्याचा तांदूळ मागवा. तुमचं तुम्ही शिजवायचं."

आबा गोंधळले. "आवो, पर जागा तुमची, शेगडी तुमची."

"धर्मशाळेतली चूल कुणाची असते? आणि पाणी म्हणाल तर ते नगरपालिकेचं. सव्वीस वर्षं मी तपासलंय, त्यात तुमच्या लेकीचं काही नाही."

"आनि तुम्ही?"

"मी तुमच्याकडे जेवायला येणार. सुनेलाही आणणार." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला. "लेकीकडे जेवू नये, हे कळलं मला. लेकीला जेवू घालू नये, असं तर कुठे नाही ना?"

आबा तोंडाने काहीतरी पुटपुटले, आईशीच बोलले असावेत. शेवटी म्हणाले, "तसं कुटं न्हाई."

"मग परवाची गाडी रद्द करा," नाना म्हणाले. "आणि महिन्याचं मी बोललो होतो, ते शालनने अजून लक्षात ठेवलंय. तेही रद्द."

तांदूळ आला तो बुधवारी, एसटीच्या पार्सलने. गोणी उघडल्याबरोबर गॅलरीभर घनसाळ तांदळाचा वास पसरला. त्या तीन दिवसांत मी आबांना फक्त दूध आणि बाहेरून आणलेली फळं देत होते आणि घरी असले की दर तासाला त्यांची नाडी बघत होते. ते वैतागले होते. बुधवारी मला सुट्टी होती. त्यांनी मला गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही. आतून भांड्यांचे आवाज, फोडणीचा वास, मधूनच खोकला. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, चटका बसेल, शॉक बसेल, चक्कर येईल. नाना टाकीसमोर शांत बसले होते. बरोबर साडेबाराला आबांनी हाक मारली.

"या पाव्हणं. शालन, ये गं. बसा जेवाय."

गॅलरीत चटई टाकून तीन ताटं मांडली होती. मऊ भात, कुळथाचं पिठलं, कांदा. नानांना कुळीथ आवडत नाही. त्यांनी दोनदा मागून घेतलं. आबा आधी आम्हाला वाढत होते आणि मी माझं ताट सोडून त्यांच्याच ताटाकडे बघत होते. मग ते बसले. भात कालवला, घास उचलला, आईच्या फोटोच्या दिशेने क्षणभर थांबले आणि तोंडात घातला. मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. नानाही तिकडेच बघत होते. आमची दोघांची नजर एक झाली आणि आम्ही दोघांनी खाली पाहिलं.

आबा त्यानंतर सहा वर्षं आमच्याकडे राहिले आणि गॅलरीत रोज शिजवत राहिले. माझ्या मांडीवर लेकरू काही आलं नाही. त्यांनी माझ्या घरचा एक कण खाल्ला नाही. तांबड्या पुढे अडीच वर्षं जगला, शेवटपर्यंत बरणीतच जेवला.

पण त्या बुधवारी जेवण झालं तेव्हा मी सवयीने उठले आणि ताटं गोळा करू लागले. माझ्या स्वयंपाकघरापासून ती गॅलरी अकरा पावलांवर होती. आबांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "म्हायारी आल्याली लेक उष्टी काढत न्हाई. बस जरा निवांत."

मी ताटं परत खाली ठेवली आणि बसले.